मोहाखालची आग

माह्या सासूले कोणी आगलावी म्हटलं तं त्याची जीभ हासडीन मी. आमच्या पवनीकडच्या जंगलात मोहाखालचा पाला सगळेच जाळतात. जमीन साफ झाली का दुसऱ्या दिवशी पडलेलं फूल नजरेले दिसते, वेचाले सोपं जाते. आग पसरलीच तं नाल्याच्या ओल्या रेतीपाशी मरते. म्हणून मंगलाबाई, म्हणजे माही सासू, पाल्याले काडी लावते, नाला उतरून अल्याड येते अन् पळसाखाली घडीभर आडवी होते. चाळीस वर्सं तिनं हेच केलं.

मी नागपूरच्या संशोधनवाल्यांच्या कामावर रोजीनं आहो. जंगलात नंबर ठोकलेली शंभर झाडं आहेत. दर महिन्याले त्यांचा घेर मोजाचा, कोणतं वाळलं, कोणाले कधी फूल आलं, पाला किती साचला, नाल्यात ओल किती, सारं मोबाईलवर भराचं. यंदा मोह तीन हप्ते आधीच फुलला. लिहिलं मी.

त्या दुपारी एकसष्ट नंबरच्या सागाले टेप गुंडाळून राहिली होती, तं धुराचा वास आला. आधी काही वाटलं नाही. मोहाचे दिवस, धूर तं राहणारच. मंग तडतड ऐकू आली, अन् तेही नाल्याच्या अल्याडून. सासू तं अल्याडच झोपते. पायवाटेपाशी तेवढी ओली रेती उरली होती, बाकी नाला कोरडा होता. काठोकाठ पाल्यानं भरला होता. हे मी सोडून कोणाले ठाऊक होतं?

टेप तिथंच टाकली अन् धावली. पळसाचं झाड दिसतच नव्हतं, नुसता धूर. "आई! ओ आई!" ओ नाही. सांगते, इतकी मी बाळंतपणातही भ्याली नव्हती. जमिनीलगतची आग भरभर सरकून राहिली होती, अन् ही बाई गाढ झोपली असंन, एवढंच डोक्यात. शेवटी खोकला ऐकू आला. तोंडाले पदर लावून ती गुडघ्यावर रांगत होती, उलट्याच दिशेनं, आगीकडे. दंडाले धरून ओढली, फरफटत नेली, थेट धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत आणून टाकली.

तिच्या तळपायाची कातडी निघाली होती. माहा संताप आवरत नव्हता. "मेली असती ना आज! पाहून तं घ्याचं होतं," म्हटलं.

"नाला दरसाल अडवते वं आगीले."

"यंदा कोरडा आहे. पाल्यानं भरला आहे. दोन महिन्यांपासून मी लिहून राहिली."

तिनं धापा टाकत मान वर केली.

"कोणाले?" तिनं विचारलं.

रोज एका चुलीपाशी जेवतो आम्ही दोघी. तिले मी सांगतलंच नव्हतं.