मोजणीत धरलेला भाऊ

नजर मंदावली, सुईत दोरा जाईना, तेव्हा शिंपीमास्तर आपलं मशीन विकून विधवा बहिणीकडे राहायला आले. ताई त्यांना दोन्ही वेळ गरम जेवायला वाढायची आणि वाढता वाढता "खायला काळ नि भुईला भार" असंही ऐकवायची. मास्तर मान खाली घालून जेवायचे. बोलणं लागायचं, पण भूकही लागायची.

नवऱ्याने ताईच्या मागे एक रान ठेवलं होतं. वेलींनी त्याचा गळा धरला होता. एकेक झाड उभ्या उभ्या वाळत चाललं होतं आणि मजूर लावायची तिची ऐपत नव्हती. खासगी रानं सुधारायला सरकार अनुदान देतंय असं कळलं, तसा तिने अर्ज केला आणि सरकारी काम म्हणून आशा सोडून दिली. तर वनखात्याचे साहेब चक्क आले.

साहेबांनी झाडं मोजली, तर एक कमी भरलं. ठरलेल्या संख्येखाली रानाला रान म्हणायचं नाही, असा नियम. ताईचा चेहरा पडला. ते वादळात कोसळलं हो, हा काय त्याचा खड्डा, असं ती काकुळतीने सांगू लागली. साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं. खड्ड्यात मास्तर उभे होते. ताईची राहिलेली छत्री द्यायला आले होते आणि दिसलं नाही म्हणून सरळ आत उतरले होते.

"हे मोजायचं राहिलं वाटतं," साहेब म्हणाले.

झाड उभं असावं आणि छातीच्या उंचीवर त्याचा घेर पुरेसा असावा, एवढंच नियमात होतं. पानांबद्दल अवाक्षर नव्हतं. साहेबांनी टेप काढली. ज्या माणसाने जन्मभर गावाच्या छात्या मोजल्या, त्याची छाती आज दुसरंच कोणी मोजत होतं. टेप पाठीमागे ढिली पडलीय हे मास्तरांना तत्काळ कळलं. ते तोंड उघडणार तोच ताईने डोळे वटारले. मास्तरांनी श्वास भरून घेतला. घेर भरला. साहेबांनी पत्र्याचा बिल्ला त्यांच्या सदऱ्याच्या काजात अडकवला आणि नोंदलेलं झाड जागचं हलवायचं नाही, अशी ताकीद देऊन ते गेले.

झालं. तपासणीला कधी कोण टपकेल याचा नेम नव्हता, म्हणून मास्तर खड्ड्यातच उभे राहू लागले. पहिला हप्ता आला, मजूर आले, वेली उतरू लागल्या. मजुरांनी मास्तरांच्याही बुंध्याशी खत घातलं, ओल टिकावी म्हणून पालापाचोळा पसरला. मास्तरांची एवढी विचारपूस आयुष्यात कोणी केली नव्हती. खरं सांगायचं तर ते सुखावले. पायांच्या बोटांना काहीतरी फुटतंय, हे लक्षात आलं तरी त्यांनी अळीमिळी गुपचिळी धरली. ताई जेवण तिथेच आणून द्यायची. ताटाबरोबर भुईचा भारही न चुकता यायचा.

साहेब पुन्हा आले ते तांबड्या रंगाचा डबा घेऊन. आता विरळणी करायची होती, म्हणजे चांगली झाडं वाढावीत म्हणून कुचकामी झाडं पाडायची. साहेबांनी मास्तरांभोवती एक फेरी मारली, पाठीवर टकटक करून कान लावला.

"वाकलंय. आतून पोकळ आहे. फूल नाही, फळ नाही, उगाच जागा अडवून बसलंय."

एवढं बोलून त्यांनी मास्तरांच्या छातीवर तांबडी फुली मारली. पाडलं तरी ते कागदावर मोजणीत राहणार होतं, पण पाडल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नव्हता. कुऱ्हाडवाला बाह्या सरसावू लागला.

साहेब बोलले त्यात मास्तरांना नवीन काय होतं? ताई रोज हेच सांगायची, फक्त ताट वाढून. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांना भीती वाटत होती ती कुऱ्हाडीची नव्हे, ताई काय म्हणेल याची.

ताई रानाकडे बघत राहिली. अर्धं मोकळं झालं होतं, अर्ध्याचा जीव अजून वेलींत अडकला होता.

"ते झाड नाही, साहेब," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ आहे तो."

"मग एक कमी भरतं. तुमचं रान रान राहत नाही. घेतलेलं सगळं परत करावं लागेल."

"नाही तर नाही. करीन परत. त्याला बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही बोलायचं नाही."

साहेब नियमाचे पक्के. भाऊ असेल तर त्याने चालून दाखवावं, म्हणाले. मास्तरांनी पाय उचलायला घेतला. पाय उचलेना. तेव्हा ताई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली, आणि उकरता उकरता त्यांच्या लहानपणापासूनचा एकेक मूर्खपणा काढू लागली. बारीक मुळं तुटताना मास्तर कळवळले, तशी तिने आवाज खाली आणला आणि हात सावकाश केला. साहेबांनी बिल्ला काढून खिशात टाकला.

घरी आल्यावर ताईने त्यांना पायरीवर बसवलं आणि पाय धुवायला बादली पुढे सरकवली. मास्तरांनी पाय आत सोडले. पाणी हळूहळू उतरत गेलं आणि बादलीचा तळ दिसू लागला. मास्तर ओशाळले, आता ऐकून घ्यायचं म्हणून त्यांनी मान खाली घातली. ताई उठली आणि दुसरी बादली भरून घेऊन आली.