अरोमा आला का गं?

मी हळद शिजवायची कढई बोलतेय. बोलतेय कसली, कुरकुरतेय. गोठ्यामागे पडून आहे, बुडाला गंज चढलाय. कोणी ऐको न ऐको, आता मला काही वाटत नाही.

कळमनुरीच्या लोहाराने मला घडवलं आणि चतुराबाईच्या शेतात माझं आयुष्य चुलवणावर गेलं. अख्खं गाव हळद तिच्याकडेच शिजवायला आणायचं, ते तिच्या नाकावर भरवसा ठेवून. हळद शिजत आली की वाफेचा वास बदलतो. दुसरे लोक काडी टोचून बघत. ही नुसती वाफेकडे तोंड करी आणि म्हणे, "काढा." त्या एका शब्दावर तिचा मान होता.

मग कोरोनाचा ताप आला. बाई वाचली, पण तिला वास येईनासा झाला. तिने कोणाला सांगितलं नाही. एकदा चुलीवर दूध करपलं, तरी ती शेजारीच निवांत बसलेली. सून प्रियंकाने ते पाहिलं आणि तीही गप्प राहिली.

पुढच्या हंगामात माझ्याखाली जाळ लागला, तेव्हा प्रियंका परीक्षेचं पुस्तक घेऊन जवळ येऊन बसली.

"आत्याबाई, इंग्रजीत वासाला लई शब्द हायेत. कसला बी असला तर स्मेल. नाकात बसणारा, उग्र, तो ओडर. फुलाचा फ्रॅग्रन्स. सडल्याचा स्टेंच. अन् शिजल्या-भाजल्याचा, हवाहवासा, तो अरोमा."

चतुराबाई कापसाच्या वाळल्या पळाट्या जाळात सारत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग ह्या वाफंला काय म्हनायचं?"

"अजून स्मेलच हाय. मातीचा."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं.

"आता ओडर."

"अरोमा आला का गं?"

"आला, आत्याबाई."

"काढा," चतुराबाई गड्यांना म्हणाली, जुन्याच तोऱ्यात.

पुढचे हंगाम असेच निभावले. त्या दोघी यावर एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. मी मधे तापत होते, मला सगळं कळत होतं.

आता गावात बॉयलर आलाय. त्याला ना नाक लागतं, ना मी. माझ्यात पावसाचं पाणी साचून पाला सडलाय, माझी मलाच किळस येते. तरी चतुराबाई रोज संध्याकाळी येते आणि सवयीने माझ्यावर वाकते.

"कसला वास येऊन राहिला गं?"

मागे उभी असलेली प्रियंका नाकावरचा पदर काढते. "हळदीचाच हाय, आत्याबाई. अरोमा."

म्हातारी खूश होऊन माझ्या काठावरून हात फिरवते.

थकले मी. कोणीतरी मला पालथी घाला रे. नाहीतर एखाद्या दिवशी येणारा-जाणारा तिच्यादेखत नाक दाबेल आणि खरा शब्द सांगून टाकेल.