मुठ्या सशांची रीत

सोमवारी सकाळी यमुअक्का उठल्या तेव्हा त्यांचं घर आटलं होतं, आणि घराबरोबर त्याही. पलंग, चहाचं पातेलं, भिंतीवरचा वडिलांचा फोटो, सगळं एकमेकांना धरूनच लहान झालं होतं, त्यामुळे तसं काही अडलं नाही. कळलं ते बकुळमुळे. मुठ्या जातीचा ससा पुरा वाढला तरी एका मुठीत मावतो, म्हणून तर तो मुठ्या. त्या दिवशी मात्र बकुळला उचलायला अक्कांना दोन्ही हात लागले.

"माजलीस गं," अक्का म्हणाल्या आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकून कामाला लागल्या.

मुठ्या जातीचे जगात दोनच ससे उरले होते. मादी बकुळ अक्कांकडे, आणि नर रावसाहेब परसापलीकडे, धाकट्या बहिणीकडे, शालनकडे. वडिलांनी जाताना जोडी मुद्दाम अशी वाटून दिली, पोरींचं जाणं-येणं राहावं म्हणून. म्हातारा सशांना पुरता ओळखायचा, पोरींना ओळखण्यात कमी पडला.

मुठ्यांची रीत अशी, की मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीकडे कधीच नाही. आपल्या जागेत मादी कुणाचं ऐकून घेत नाही. सोडल्यावर दाराशी बसून बघायचं आणि चावाचावी झाली तर उचलून परत आणायचं. अक्कांना हे तोंडपाठ होतं. तरी गेल्या वर्षी त्या अडून बसल्या.

"मी थोरली. थोरलीनं धाकटीच्या दारात जायचं होय? तूच आण रावसाहेबाला."

शालन बिचारी घेऊन आली. बकुळने सोडल्या सोडल्या रावसाहेबाचा अर्धा कान तोडला. "तुझ्या मोठेपणापायी झालं हे, अक्का," एवढंच शालन बोलली. तुटका कान पदरात गुंडाळून घेऊन गेली आणि परसातलं फाटक लावलं. त्याला वर्ष झालं.

दिवाळी गेली की बकुळचं पिलं देण्याचं वय संपणार होतं. अक्का रोज सकाळी टोपली काढायच्या, तिच्यात फडकं अंथरायच्या, उंबऱ्यापर्यंत जायच्या. मग "तिनं एक हाक मारू दे की," असं फोटोला सांगून टोपली परत खुंटीला अडकवायच्या. आता टोपली खुंटीवर गेली की घर आटायचं.

मंगळवारी बकुळ मांजराएवढी भरली, बुधवारी शेळीएवढी. ती होती तेवढीच होती, बाकीचंच कमी होत होतं. गुरुवारी भाजीवाली सखूबाई अंगणात पालथी पडली आणि एक डोळा खिडकीला लावून बोलली.

"अक्का, घर धुऊन वाळत घातलं हुतं काय? आटलंय की."

"मेथी दे आणि जा."

"एक पान देऊ का दोन?"

अक्कांनी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच. "शालनकडं गेलतीस?"

"त्यास्नी अर्धं पान पुरलं बघा."

आपल्याहून धाकटी, आटण्यातही धाकटीच निघाली. "बरी आहे ना गं ती?"

"आता एवढं बारीक कुणाला दिसतंय," सखूबाई म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

अक्कांना रात्रभर शालन लहान असतानाची आठवत राहिली. तापात त्यांचाच हात धरून झोपणारी. शुक्रवारी उजाडताच त्यांनी टोपली काढली. "मोठेपणा गेला चुलीत. जाते मी," असं फोटोकडे न बघताच म्हणाल्या. पण बकुळने आता सगळं स्वयंपाकघर व्यापलं होतं आणि टोपलीत तिच्या पायाचं एक नख तेवढं मावलं. अक्का मटकन खाली बसल्या आणि रडल्या.

तेव्हा बकुळ उभी राहिली. बाळाच्या डोक्यावरची कुंची घसरावी तसं घर तिच्या पाठीवरून घसरलं. तिने गवताची काडी धरावी तसा अक्कांचा पदर दातांत धरला आणि निघाली. परस ओलांडायला बराच वेळ लागला. फाटक बंदच होतं, पण मुठ्या सशाला फाटकाखालची फट पुरते.

पलीकडे पेरूखाली पिंजरा होता. तो आटला नव्हता. रावसाहेब बाहेर, दाराशी बसला होता. आत, गवताच्या काड्यांत, दाराकडे पाठ करून शालन बसली होती. अंगावर तो वाळलेला अर्धा कान शालीसारखा ओढून.

बकुळने अक्कांना अलगद आत ठेवलं. रावसाहेबाने दातांनी दार लोटलं. मग दोघे ससे दाराशी अंग चोरून बसले आणि बघू लागले.

दोघी बहिणींच्या मध्ये चार काड्यांचं अंतर होतं. शालन हळूच वळली.

"अक्का, तू आलीस?"

अक्कांनी तोंड उघडलं, आणि जाळीपलीकडे बकुळ एक पाऊल पुढे सरकली.