काचेमागचा धनराज

माझा थोरला भाऊ धनराज संतपूर सोडून पुण्याला कारखान्यात गेला, ते अठ्ठ्याण्णव साल. जायच्या आधी मी त्याला खुर्चीत बसवून ऑइल पेस्टलनं त्याचं चित्र काढलं. बेट्यानं शंभरदा नाक खाजवलं, तरी चेहरा कागदावर असा हुबेहूब उतरला की माय बघतच राहिली.

तो गेल्यावर मायचा नेमच झाला. सकाळी चित्रातल्या गालांवरून दोन्ही हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. थोड्याच दिवसांत धनराजचे गाल पुसट झाले आणि मायच्या कानशिलांवर तपकिरी डाग दिसायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"माय, ह्या खडूत तेल असतंय. किती बी दिवस ठेव, वाळत न्हाई. हात कामून लावायलीस?"

"लेकराला हात लावू नको म्हणायलीस व्हय?"

मी ऐकते कसली! गाल पुन्हा रंगवले आणि चित्र बिदरला, मैलूर भागातल्या फ्रेमवाल्याकडे नेलं. काच टेकली की रंग तिलाच चिकटतो, म्हणून आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून काच जरा लांब बसवून घेतली. घरात ऊन न येणारी भिंत शोधली. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

मायनं काचेवरून हात फिरवला. "गार लागायलंय," म्हणाली. त्या दिवसापासून तिनं बोटं मोडली नाहीत.

धनराज सुरुवातीला दिवाळीला यायचा. मग ओव्हरटाइम आला, लग्न झालं, पोरांच्या शाळा आल्या. शेजारच्यांच्या फोनवर तो दरवेळी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचा.

पुढं माझं लग्न सोलापूरला ठरलं. आरशात बघून मी माझंही चित्र काढलं आणि मैलूरला न्यायला कागदात गुंडाळायला लागले, तर मायनं हात धरला.

"ह्याला काच नको, शिवकन्या."

"अगं, पुसून जाईल की!"

"जाऊ दे. पुसलं की तुला यावं लागंल, रंग भरायला."

मी कागद सोडला आणि चित्र तसंच उघडं धनराजच्या शेजारी टांगलं.

आता दर दिवाळीला खडूंची पेटी घेऊन मी संतपूरला जाते. माझ्या चित्राला गाल म्हणून काही उरलेलं नसतं. मायवर ओरडत ओरडत मी ते भरते. शेजारी धनराज टांगलेला आहे, काल काढल्यासारखा नवाकोरा.

यंदा त्याच्यावरची धूळ पदरानं पुसता पुसता माय हळूच म्हणाली, "ह्याची काच आता काढता येती का गं?"