मांजरपार्टीचा डबा

मित्रांनो, धान्याच्या कोठीशेजारी गोणपाटाखाली एक लाकडी खोका दिसतो आहे ना? तो मीच. मी एक जुना, लाकडी शटरचा, काळा-पांढरा टीव्ही आहे. उगाच नाक मुरडू नका. एके काळी माझ्यासमोर बसायला मिळावं म्हणून याच घराच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडत असे, आणि घरी जाताना कुणाची चप्पल कुणाच्या पायात गेली यावरून भांडणंही होत.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, सुताराने अंगावर सागवानी रंग चढवला आणि मी धुळ्याच्या एका दुकानात येऊन उभा राहिलो. १९८७ साली कापूस चांगला पिकला, तेव्हा नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले गिरधरभाऊ मला घ्यायला आले. नरडाण्याहून घरापर्यंतचा प्रवास मी बैलगाडीतून, गोधडीत गुंडाळून केला. नव्या नवरीचीसुद्धा कुणी एवढी काळजी घेतली नसेल.

गिरधरभाऊंच्या आई, मंजुळाबाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हा खातो काय, असं लगेच मुलाला विचारलं,

"हाऊ डबा खास काय?"

"लाईट खास, माय."

"मंग तेले कमी खाऊ घाल."

त्या दिवसापासून त्या घरात मला कुणी टीव्ही म्हटलं नाही. मी 'डबा'च झालो. पहिल्यांदा राग आला, पण पुढे त्या शब्दातली माया कळू लागली.

आमचं घर धाब्याचं. त्या मातीच्या सपाट धाब्यावर माझी अँटेना उभी होती. वारा सुटला की ती तोंड फिरवायची आणि माझ्या काचेवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. मग शेजारचे उखर्डूभाऊ वर चढायचे. बासष्टीला टेकलेला हा माणूस, पण या कामात तरुणांना मागे टाकी. चित्र आलं का, म्हणून ते वरून ओरडायचे, "उनं का?" खालून सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "नही उनं!" पुन्हा अँटेना फिरे, पुन्हा "उनं का?" अखेर "उनं, उनं!" असा गलका झाला की उखर्डूभाऊ धापा टाकत खाली येत, आणि तोवर पुढची जागा पोरांनी बळकावलेली असे.

माझ्या अंगातून किती काय गेलं म्हणून सांगू! बातम्या गेल्या, भाषणं गेली, कपाशीवरच्या अळीचे कार्यक्रम गेले. मी सगळं इमानाने दाखवलं. पण खरं सांगतो, माझा जीव जडला तो एकाच गोष्टीवर. रविवारी सकाळी मांजरांची एक कार्टून मालिका लागायची. तिचं खरं नाव हिंदीत होतं. नावाची पाटी इतकी झरझर सरकायची की आमच्या पोरांना ती कधी पुरती वाचता आली नाही. त्यांनी आपलं नाव ठेवलं : 'मांजरपार्टी'.

एका मोठ्या शहरातल्या मागच्या गल्लीत, उलट्या पिंपात राहणारी ही भटकी मांजरं. त्यांचा पुढारी एक हडकुळा बोका. त्याचा डावा कान फाटलेला, म्हणून पोरं त्याला कानतुट्या म्हणत. त्याच्यासोबत एक लठ्ठ बोका होता, एक नखरेल मांजरी होती आणि एक एवढंसं पिल्लू होतं. गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेलवाला, हातात कायम झारा. तो पाठीमागे लागायचा आणि ही मंडळी त्याच्याच झाऱ्यावरून घसरगुंडी करून पळायची.

काय सुरेख काढली होती ती मांजरं! कुणी हाताने एकेक चित्र काढलं असेल, एकेक शेपूट वळवली असेल, तेव्हा कुठे तो कानतुट्या कौलावरून असा डौलात चालला असेल. मी यंत्र आहे, मला मेहनत कळते. आणि चोऱ्या करायची ती टोळी, पण त्यांचा एक नियम होता. हाती लागलेलं सगळं मध्ये ठेवायचं आणि पहिला घास पिल्लाने घ्यायचा. लठ्ठूच्या तोंडाला पाणी सुटलं तरी तो डोळे मिटून वाट बघायचा. ते बघताना माझ्यासमोरची दांडगट पोरंसुद्धा गप्प होत.

गिरधरभाऊंची मुलगी कोकिळा तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिची जागा ठरलेली, अगदी माझ्या गुडघ्याशी, म्हणजे गुडघे असते तर. मंजुळाबाई मात्र माझ्याकडे पाठ करून डाळ निवडत बसत. "काय ते मांजरं पाह्यतस बठ्ठा!" असं म्हणत. पण कानतुट्या हॉटेलवाल्याला चकवा द्यायचा तेव्हा पहिलं हसू त्या पाठीतूनच यायचं. खांदे हलायचे ना! विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की वीज कमी पडायची आणि माझं चित्र आक्रसून मांजरं उंदराएवढी दिसायची. एकदा असं झालं तेव्हा मंजुळाबाई स्वतः ओट्यावर जाऊन गरजल्या, "गिरधर, मोटार बंद कर! पोरेसनं मांजर बारीक व्हई गयं!" पोरांचं नाव पुढे केलं, पण तेव्हापासून मी त्यांना ओळखून होतो.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत खराखुरा एक बोका आला. भुरा, हडकुळा, आणि नशीब बघा, कुणाशी तरी भांडून डावा कान फाडून घेतलेला. आता त्याचं नाव काय पडणार? पोरांना वाटलं, मांजरपार्टीतला पुढारी काचेतून उतरून आपल्या गल्लीत राहायला आला आहे. मी चालू असताना माझी पाठ उबदार व्हायची. कानतुट्या माझ्या डोक्यावर पाय मुडपून बसायचा, शेपटी काचेवर सोडायचा, आणि पडद्यावरच्या मांजरांना आणखी एक शेपटी यायची. पोरं त्याला हाकलत, पण मला तो हवा होता. कामाच्या वस्तूला लोक हात लावतात तो बटण दाबायला. नुसतं टेकून बसणारा तो एकटाच.

पण स्वभावाने तो पडद्यावरच्यासारखाच निघाला. दूध म्हणू नका, साय म्हणू नका. श्रावणात तर त्याने कहर केला. कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशात घरोघरी बसणारी देवी, तिचा सण जवळ आला होता. कानबाईच्या दिव्यासाठी मंजुळाबाईंनी घरचं तूप कढवून शिंक्यावर ठेवलं होतं. कानतुट्याने ते शिंकं पाडलं आणि देवीच्या आधी स्वतःच तूप चाटलं. मंजुळाबाईंचा पारा चढला.

"हाई चोरटं माले घरमा नको," त्या म्हणाल्या. "गिरधर, पोतामा घाल नि नरडाणाले रेल्वेकडे सोडी ये."

"माय, कानबाई व्हई जाऊ दे," गिरधरभाऊ म्हणाले. "सोमवारे विसर्जन झायं का सोडी येसू."

आमच्याकडे मांजर नको झालं की ते पोत्यात घालून दूर सोडण्याची रीत. पोत्यात घालायचं ते त्याला परतीची वाट कळू नये म्हणून. रेल्वेच्या रुळांजवळ सोडलेली मांजरं किती दिवस टिकतात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोकिळा त्या दिवशी जेवली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली. मी बंद होतो, तरी काचेकडे बघत राहिली. आणि मला कळलं की तिला मागच्या रविवारचा भाग आठवतो आहे.

त्या भागात नगरपालिकेचा माणूस पोतं घेऊन मांजरांना धरायला आला होता. हॉटेलवाल्यानेच त्याला बोलावलं होतं. टोळी कोपऱ्यात सापडली. तेव्हा कानतुट्या पळाला नाही. तो सरळ हॉटेलात शिरला, भर गिऱ्हाइकांसमोर दह्याची वाटी चाटूनपुसून संपवली आणि भिंतीवरच्या पाटीखाली जाऊन बसला. पाटी हॉटेलवाल्यानेच लिहून घेतलेली : 'इथे जो जेवला तो आमचा पाहुणा, आणि पाहुण्याला कुणी हात लावायचा नाही.' सगळी गिऱ्हाइकं पाटीकडे आणि हॉटेलवाल्याकडे बघू लागली. शेवटी त्या बिचाऱ्याला आपलाच झारा उगारून पोतेवाल्याला हाकलावं लागलं.

मित्रांनो, तुम्हाला आता कानबाईच्या रोटाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी कानबाई बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाची मूठ घेतात. त्या गव्हाचे रोट होतात. रोट म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या. हा रोट फक्त त्या कुळाच्या माणसांनी खायचा. तो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, फेकायचा तर नाहीच. या बाबतीत मंजुळाबाई इतक्या कडक की रोट खाल्लेल्या हाताने त्या पोरांना अंगणातही जाऊ देत नसत.

रविवारी कानबाई आली. चौरंग मांडायला जागा हवी म्हणून मला कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली. त्या दिवशी मांजरपार्टी दिसली नाही. पण घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि माणसांना भिऊन कानतुट्या चादरीखालून येऊन माझ्या पाठीवर लपला होता. दुपारी नैवेद्य झाला. पानं वाढली. थोड्या वेळाने चादर हलली आणि कोकिळाचा हात आणि मागोमाग डोकं आत आलं. तिच्या वाट्याचा रोट तिने तोडून तोडून माझ्या डोक्यावर ठेवला. कानतुट्याने तो खाल्ला. एक तुकडा माझ्या पाठीवरच्या हवेच्या फटीतून आत घरंगळला आणि माझ्या तारांमध्ये जाऊन पडला. जन्मभर मी वीजच खाल्ली होती. तुम्ही हसा हवं तर, पण त्या वेळी मला फार बरं वाटलं.

सोमवारी विसर्जन करून मंडळी परतली. गिरधरभाऊंनी पोतं आणलं, माझ्यामागून कानतुट्याला उचललं आणि पोत्याचं तोंड उघडलं. कोकिळा दारात आडवी उभी राहिली.

"मोठी माय," ती आजीला म्हणाली, "रोट घरना बाहेर जावाले नको, हाई तूच सांगस ना?"

"कधीच नही. कानबाईनं कडक शे."

"मंग तेना पोटमा रोट शे. तेले नरडाणाले कसा काय लई जाशात?"

मंजुळाबाईंनी बोक्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"कोनी दिधा तेले?"

"मी. मन्हा वाटाना."

"तुन्हा वाटाना? मंग तू काय खादं?"

"काही नही," कोकिळा म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं.

मला वाटलं आता चापट बसणार. पण मंजुळाबाई खाली बसल्या. त्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं त्या रडताहेत. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "हाई त्या हाटेलवालानी पाटी शे! गिरधर, सोड तेले. मन्हीच पाटी मन्हा डोकावर पडनी." माझ्याकडे पाठ करून बसणाऱ्या बाईंनी तो भाग अथपासून इतिपर्यंत पाहिला होता तर! गिरधरभाऊंनी पोतं झटकून त्याची घडी घातली. उरलेल्या पिठाचा एक रोट मंजुळाबाईंनी स्वतः भाजला आणि नातीला मांडीवर घेऊन भरवला.

पुढच्या वर्षी मुठी घेताना त्या एकेकाचं नाव घेत होत्या. कोकिळाचं नाव झालं आणि त्या थांबल्या. मग कुणाचंच नाव न घेता अर्धी मूठ गहू सुपात टाकले. गिरधरभाऊ दुसरीकडे बघू लागले.

दिवस गेले. घरात रंगीत टीव्ही आला आणि मी कोपऱ्यातून कोठीपाशी गेलो. एका उन्हाळ्यात मांजरपार्टी पुन्हा लागली. मी गोणपाटाखालून ऐकत होतो. एकदम पोरांचा गिल्ला झाला. कानतुट्या चक्क केशरी होता! मी त्याला इतकी वर्षं राखाडी दाखवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मंजुळाबाईंचा थकलेला आवाज आला, "हाऊ नही कानतुट्या. आपला भुरा व्हता." म्हातारपणात कुणी आपली बाजू घेतली की किती बळ येतं म्हणून सांगू!

आमचा भुरा कानतुट्या म्हातारा होऊन याच घरात गेला. त्याची नात की पणती आता माझ्यावर बसते.

परवा सायकलवरून भंगारवाला आला. गिरधरभाऊंनी गोणपाट बाजूला केलं आणि मला उचलायला सांगितलं. कोकिळा लग्न होऊन चाळीसगावला, दुसऱ्या कुळात गेली आहे. कानबाईसाठी माहेरी आली होती. ती धावत आली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवून उभी राहिली.

"दादा," ती वडिलांना म्हणाली, "येले देऊ नका. येना पोटमा रोटना तुकडा पडेल शे. मी सोता पाह्यना."

"कधी?"

"कानतुट्याले खाऊ घालं तधय."

गिरधरभाऊ हसले. पण खाटेवर पडलेल्या मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भंगारवाल्याला हातानेच जायची खूण केली. मग कोकिळा हळू आवाजात म्हणाली, "मोठी माय, मन्ही मूठ आते चाळीसगावले शे. इथला रोट माले चालाव नही. पण डबा तर इथलाच शे ना?"

मंजुळाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मित्रांनो, माझी काच आता उजळत नाही आणि पाठही उबदार होत नाही. तरी ती भुरी मांजरी रोज दुपारी येते, पाय मुडपते आणि माझ्यावर बसते. घरातली जुनी वस्तू टाकायला निघालात, तर जरा थांबा. तिच्या पाठीवर कोण बसतं, ते आधी बघा.