फ्रेम मापाची हवी

वेणीमाधव औरादकरांनी सायकल घ्यायचं ठरवलं, त्याला कारण डॉक्टर नव्हते, पर्यावरण नव्हतं आणि पेट्रोलही नव्हतं. कारण होतं स्कूटरची मागची सीट.

रोज सकाळी जुळे सोलापुरातून इंद्रायणीची स्कूटर निघे. पुढे इंद्रायणी; ती शाळेत गणित शिकवायची. मागे वेणीमाधव, मांडीवर दोघांचे डबे आणि खांद्याला तिची पर्स. सात रस्त्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेत ते हेडक्लार्क होते. त्यांच्या सहीशिवाय तिथे खडूचं खोकंसुद्धा हलत नसे. असा माणूस रोज फाटकाशी बायकोच्या स्कूटरवरून उतरायचा आणि पर्स परत करायचा. शिपाई नेमका त्याच वेळी फाटक पुसायला येतो, असा त्यांना संशय होता. स्वतः स्कूटर शिकायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. कॉलनीतला तो गुलमोहर अजून तिरका आहे.

सायकल मात्र त्यांना येत होती. गेल्या श्रावणात वडिलांची जुनी काळी सायकल काढून ते चार-सहा दिवस ऑफिसला गेलेही. पण भिजलेल्या चाकावर रबरी ब्रेक दाबला की ब्रेक नुसता कण्हायचा आणि सायकल आपली चालतच राहायची. शेवटी ती एका शेंगाचटणीच्या दुकानाच्या पायरीवर थांबली. वेणीमाधव मात्र तिथे थांबले नाहीत, ते थेट काउंटरपर्यंत गेले. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "पाव किलो, का अर्धा?"

तेव्हाच त्यांनी ठरवलं की सायकल घ्यायची ती डिस्क ब्रेकची. चाक भिजो, चिखलात लोळो, ब्रेक दाबला की थांबलं पाहिजे.

"घ्या की," इंद्रायणी म्हणाली. "पण एक सांगते. तो व्यायामाचा चालायचा पट्टा आणलात, त्यावर आता माझ्या साड्या वाळतात. या सायकलवर बेडशीट दिसली, तर परत मागची सीट. रिटायर होईपर्यंत. आणि पर्स तुमच्याच खांद्याला."

"तिन्ही ऋतू चालवीन," वेणीमाधव म्हणाले.

"बघू की."

सोलापुरात तिन्ही ऋतू चालवीन म्हणणं सोपं, चालवणं अवघड. उन्हाळ्यात सीटवर भाकरी भाजावी. पावसाळ्यात खड्ड्याला तळं समजून बगळे उतरावेत. हिवाळा मोजून दोन दिवस, तोही रविवार धरून. असल्या वर्षभराला पुरेल अशी फ्रेम निवडायची, म्हणून वेणीमाधवांनी अभ्यास आरंभला. त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळी मुलीबद्दल एवढी चौकशी केली नव्हती. रात्रंदिवस घरात ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टीलची फ्रेम, कार्बनची फ्रेम. शेजारच्या दानेश्वरीकाकू तर एकदा पदर सावरत आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोण गेलं हो? सारखं फ्रेमचं बोलणं कानावर येतंय, म्हणून विचारलं."

ऑफिसातला दिग्विजय हा सायकलवाल्यांच्या ग्रुपमधला. तो डबा खातानाही काळा चष्मा काढत नसे. त्याचं मत ठाम होतं. "सर, कार्बनच घ्या. पिसासारखी असते. एका बोटावर उचलता येते."

वेणीमाधवांना सायकल बोटावर उचलून कुठेच न्यायची नव्हती. तरी दोन दिवस ते कार्बनच्या बाजूचे झाले. मग इंद्रायणीला घेऊन ते रेवणप्पाच्या दुकानात गेले.

रेवणप्पाचं दुकान सात रस्त्याच्या अलीकडे. माणूस गोड, बोलका, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या शास्त्रात नव्हतं. तो फार तर बाजूने सुचवायचा.

"कार्बन ब्येस्टच हाय सर," तो म्हणाला. "फकस्त तिला मडगार्ड लावाय भोकं न्हाईत. कॅरियरलाबी न्हाईत."

"मग डबा?"

"डबा दातात धरायचा."

इंद्रायणी हसली. वेणीमाधव हसले नाहीत, पण कार्बन तिथेच संपली. स्टील त्यांना आवडत होती, पण एवढ्या वजनाची सायकल जिन्यावरून रोज वर चढवायची कोणी, हा प्रश्न इंद्रायणीने विचारला आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्याकडे पाहत राहिली. उरली ॲल्युमिनियम. गंजायची भीती नाही. मडगार्डला भोकं, कॅरियरला भोकं. फ्रेममध्ये जागा ऐसपैस, म्हणजे खड्डे पचवणारे जाड टायर बसतात. दोन्ही चाकांना डिस्क. हँडल मात्र रोड बाइकचंच, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. रंग मोरपंखी. वेणीमाधवांनी फोटो पाहिला आणि त्यांना आपण फाटकातून आत जातोय असं दिसलंच. शिपाई बाजूला सरकतोय.

"ठरलं," ते म्हणाले. "मागवा."

"मागवतो की. पुण्यातनं येतीया. तेवडी उंची सांगा सर, त्येच्यावर फ्रेमची साइज."

"पाच-सात."

पापणी लवली नाही. वीसेक वर्षांच्या सवयीने ती लवत नसे.

आता या पाच-सातचा इतिहास सांगायला हवा. वेणीमाधव मुळात पाच-चार, तेही नव्या चपलेत. पण त्यांचं लग्न आप्पांनी जुळवलं होतं. आप्पा म्हणजे बार्शीपासून दुधनीपर्यंतच्या सगळ्या स्थळांचे मध्यस्थ. त्यांचा व्यवसायधर्म असा, की मुलाला तीन इंच चढवायचे आणि मुलीचे तीन इंच उतरवायचे. यात फसवणूक कोणीच मानत नसे, कारण दोन्हीकडच्यांना ते माहीत असे. बाजारात मेथीची जुडी टवटवीत दिसावी म्हणून पाणी मारतात, तसंच हे. इंद्रायणी दुधनीची, अंगाने उभी, पाच-सहा. आप्पांनी तिला पाच-तीनवर आणलं, वेणीमाधवांना पाच-सातवर नेलं, आणि बोलण्यात जोडा कसा शोभून दिसला. मांडवात दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा आप्पांचं गणित चुकल्याचं सगळ्यांना दिसलं, पण तोवर अक्षता पडल्या होत्या.

त्यावर नवराबायकोत एक शब्द कधी झाला नाही. इंद्रायणी सपाट चपला घालायला लागली. फोटो काढायची वेळ आली की ती कुठूनतरी खुर्ची मिळवून बसायची आणि वेणीमाधव खुर्चीवर हात ठेवून उभे राहायचे. त्यांच्या अल्बमात ती जन्माची दमलेली दिसते. आणि उंची कुठेही विचारली, तर वेणीमाधव पाच-सात, इंद्रायणी पाच-तीन. विम्याला, दवाखान्यात, सगळीकडे.

रेवणप्पाने वेणीमाधवांकडे वरून खाली पाहिलं. त्याला वरून खाली यायला फार वेळ लागला नाही.

"सर, बसून बगता का एकदा? मोजपट्टी हाय. पायाचं माप लागतं, म्हंजे बरं."

दुकानात दोन पालक उभे होते. एकाचं पोरगं वेणीमाधवांच्याच संस्थेत होतं.

"विसाव्या वर्षापासून तीच उंची आहे हो," वेणीमाधव म्हणाले. "ती काय रोज मोजायची?"

"तेबी खरंच हाय," रेवणप्पा म्हणाला. "मीडियम लिवतो."

इंद्रायणी छताच्या पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

सायकल आली. देखणी होती. ब्रेक असा, की नुसती करंगळी टेकवली तरी चाक जागच्या जागी उभं. आणि घात इथेच झाला. जुनी सायकल थांबायची नाही, म्हणून पाय टेकायचा प्रश्नच आला नव्हता. ही थांबायची, पण थांबल्यावर वेणीमाधवांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर राहायचे. सीट पार खाली घेतली, तरी मधला दांडा काही खाली घेता येत नव्हता. हँडल इतकं लांब, की ऑफिसला जाणं म्हणजे सूर्यनमस्काराची एकच स्थिती धरून सात रस्ता गाठणं.

माणूस जिद्दीचा होता. त्यांनी रस्त्याचा नवा अभ्यास केला. कुठे फुटपाथ उंच आहे, कुठे दुभाजक, कुठे रसवंतीची पायरी. थांबायचं तर तिथेच. सिग्नल लाल दिसला की ते लांबूनच वेग कमी करायचे आणि हिरव्याची आराधना करत गोगलगाईसारखे पुढे सरकायचे. एकदा आराधना फळली नाही. तेव्हा त्यांनी शेजारच्या रिक्षाचं छत धरलं.

रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काका, धरा की, माजं काय जातंय. पण मीटर पडतंय."

घरी विचारलं की उत्तर ठरलेलं. "फर्स्ट क्लास. लोण्यासारखी चालते."

"मान का तिरकी धरताय मग?"

"वारा होता."

पंधरवड्यात लोणी विरघळलं. अर्ध्या रस्त्यात उतरून ते सायकल हाताने ढकलत नेऊ लागले. ढकलणाऱ्याला कोणी विचारलं तर पंक्चर. सोलापूरभर त्यांना पंक्चरवाला काका म्हणू लागले नाहीत, एवढंच बाकी होतं. एका सोमवारी त्यांनी आभाळाकडे बघून म्हटलं, "आज जरा भरून आलंय." आभाळ निळं होतं. इंद्रायणीने पर्स त्यांच्या हातात दिली. संध्याकाळी गॅलरीत सायकलच्या हँडलवर एक टॉवेल वाळत होता. बेडशीट नव्हती, पण टॉवेल ही बेडशीटची धाकटी बहीणच. वेणीमाधवांनी तो गुपचूप काढला आणि ओलाच घडी करून कपाटात ठेवला. मागची सीट त्यांना रिटायरमेंटपर्यंत लांबलचक पसरलेली दिसू लागली.

रविवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, तर सायकल नव्हती.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. गल्लीत इंद्रायणी होती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, आणि पायांच्या मध्ये मोरपंखी सायकल. दोन्ही पाय जमिनीवर, सपाट. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि एका दमात सुटली. दुधनीला ती शाळेत सायकलवरच जायची, हे वेणीमाधवांनी कधीतरी ऐकलं होतं. कसं जायची, ते आत्ता दिसलं. गल्लीच्या टोकाला तिने ब्रेक मारला, सायकल तिथल्या तिथे थांबली, तिने एक पाय टेकला, वळली आणि परत आली. दानेश्वरीकाकू झाडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्या फेरीला काकूंनी टाळी वाजवली.

वेणीमाधव जिना उतरून खाली आले. चहा वरच राहिला.

इंद्रायणी धापा टाकत होती आणि तोंडभर हसत होती. इतकं की अल्बमातल्या खुर्चीवर बसणारी बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा.

"अहो, ही माझ्या मापाची आहे," ती म्हणाली.

वेणीमाधवांनी चाकाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "ती पाच-सातची आहे."

"असू दे की. पाच-सहालाही चालते म्हणे."

हा आकडा त्या दोघांत पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. वेणीमाधवांनी इकडेतिकडे पाहिलं. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही.

"तू पाच-सहा?"

"आता बोलू का नको? शाळेत मोजलं होतं, तेव्हापासून. तुम्ही?"

 कोपऱ्यावरचा दूधवाला येऊन, दूध घालून गेला.

"पाच-चार," वेणीमाधव म्हणाले. "नव्या चपलेत."

"अय्यो!" इंद्रायणीने कपाळाला हात लावला आणि हसत सुटली. "म्हणजे आप्पांनी तुमच्यात घातलेले तीन इंच माझ्यातूनच काढले की हो!"

"घरातल्या घरात व्यवहार केला माणसाने," वेणीमाधव म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. दोघं सायकलच्या दोन बाजूंना हँडल धरून हसत होते. दानेश्वरीकाकूंना काय झालंय ते कळलं नाही, पण त्याही हसल्या. त्यांना कारण लागत नसे.

"पण अटीचं काय?" वेणीमाधवांनी डोळे पुसत विचारलं.

"सायकल पडून राहायची नाही, एवढीच अट होती. ती राहणार नाही. उद्यापासून मी नेते शाळेत."

"आणि मी?"

"तुम्ही जायचं रेवणप्पाकडे. आणि खरं सांगायचं."

वेणीमाधवांनी आयुष्यात ऑडिटवाल्यांना तोंड दिलं होतं, पण त्या दिवशी दुकानाची पायरी ते दोनदा चढले आणि मध्ये एकदा उतरले. नेमकी गर्दी होती. तोच तो पालकही होता, या खेपेला पोरगं घेऊन आलेला.

"सर! कशी हाय सायकल?"

"उत्तम आहे. तसलीच अजून एक पाहिजे," वेणीमाधव म्हणाले, आणि घसा साफ करून दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उंची पाच-चार."

रेवणप्पाचा हात थांबला. "सर, मागच्या टायमाला पाच-सात..."

"ती लग्नाची उंची होती. ही सायकलची."

 रेवणप्पा हसला नाही. त्याने मोजपट्टी काढली, काउंटरला वळसा घालून पुढे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आमचीबी लग्नाची येगळीच हाय सर." पालकाने मान हलवली. त्याचीही वेगळी असावी.

मग वेणीमाधव भिंतीला पाठ लावून, चपला काढून, भर दुकानात ताठ उभे राहिले आणि रेवणप्पाने टाचेपासून मापं घेतली. मापं घेतल्यावर कळलं, की पाच-चार हीसुद्धा थोडी उदारच होती. तीही दुरुस्त करून घेतली. स्मॉल फ्रेम, रंग शेंदरी.

ती आल्यावरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोघं होटगी रोडने निघाले. रिमझिम चालू होती, रस्ता चकाकत होता, मडगार्डांवर चिखल टपटपत होता आणि दोन्ही पाठी कोरड्या होत्या. एका चौकात म्हैस आडवी आली. वेणीमाधवांनी ब्रेक दाबला. सायकल थांबली आणि त्यांनी दोन्ही पाय रस्त्यावर ठेवले, पुरते, टाचांसकट. म्हैस निवांत गेली. त्यांनी तिला घाई केली नाही. असं उभं राहण्यात इतकं सुख असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तोवर इंद्रायणी बरीच पुढे गेली होती. तिने वळून पाहिलं आणि माहेरच्या कानडीत ओरडली, "बेगा बर्री! लवकर या हो!"

"आलो," वेणीमाधव म्हणाले, आणि दोनदा घंटी वाजवून, काही गरज नसताना, निघाले.