किरकोळ दुरुस्ती

"मोबाईलनं सांगतलं तितकंच औषध टाकलं म्हणते पोरगा. आता त्याच मोबाईलवर माशा बसून राह्यल्या," लालीबाई पदराआड पुटपुटली.

यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या मुलाच्या, प्रेमच्या डोळ्यांवर पट्टी होती. कपाशी फवारताना भोवळ येऊन तो पडला होता. दिसेल की नाही, ते डॉक्टर उद्या सांगणार होते. खाटेच्या एका बाजूला त्याची चुलतबहीण उज्ज्वला, दुसऱ्या बाजूला अश्वजित. दोघं दीड वर्षानं समोरासमोर आले होते, आणि दोघांनाही सलाईनच्या नळीत भारी रस.

दारव्ह्याला दोघांनी मिळून 'बोंड' नावाचं अ‍ॅप केलं होतं. कोणत्या अळीला कोणतं औषध, पंपाला किती. फुकट, आणि आतलं सगळं उघडं. कोणीही घ्यावं, सुधारावं. मग अश्वजितनं एका औषधवाल्याची जाहिरात घेतली. उज्ज्वला बिघडली, अख्खं अ‍ॅप उचलून तिनं 'पांढरं बोंड' वेगळं थाटलं. एक सवय मात्र सुटली नाही: बदल केला की काय केलं त्याची एक ओळ लिहायची, आणि दुसऱ्याच्या ओळी रोज चोरून वाचायच्या. अश्वजित ओळीमागचा बदल मात्र उघडून पाहत नसे. तेवढा कमीपणा तो घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

श्रावणात तिला चूक सापडली. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचं तिप्पट माप हातानं चालवायच्या पंपासमोर लागलं होतं. चूक जुनी, दोघांच्याही अ‍ॅपमधली. तिनं आपली सुधारली. ओळ लिहिताना बोट थांबलं. खरं लिहिलं तर तो तासाभरात आयतं उचलणार. तिनं लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

प्रेमच्या मोबाईलवर जुनंच 'बोंड' होतं. बहिणीनं ते कधी बदलून दिलं नव्हतं. आणि गावोगावच्या शेकडो मोबाईलांत ते अजून तसंच होतं, उद्याच्या फवारणीला तयार.

"दोष कोणाचाच नाही, काकी," अश्वजित म्हणाला. "वारा उलटा असन."

"असन," उज्ज्वला म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

"वारा तर शेजारच्या हरिसिंगच्या वावरातही होता," पट्टीखालून प्रेम बोलला. "त्यानं उज्ज्वलाबाईचं अ‍ॅप पाहून फवारलं. तो तर धडधाकट बाजार करून राह्यला."

अश्वजितनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी तुयी हरेक ओळ वाचतो. मापाचं त्यात काहीच नव्हतं."

"नव्हतं," उज्ज्वला म्हणाली. "चूक मले श्रावणातच दिसली होती. तुले कळू नये म्हणून मी किरकोळ लिहिलं."